डेस्कला विचारावे

मी लिहिलेलं कुणी वाचत नाही याची मला सवय होती. तक्रार तर अजिबात नव्हती. मी काही कथा-कादंबऱ्या लिहीत नाही. शेअर बाजाराचे आकडे विकणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे आणि आमची टूल्स कशी वापरायची हे सांगणारी पानं लिहिते. जुना भाव कुठे मिळेल, तारीख कशी घालायची, उत्तर रिकामं आलं तर काय समजायचं, असलं सगळं. लिहिणारी मी, तपासणारी मी आणि वाचणारं कुणी नाही. पुण्यात माहितीपुस्तिका उघडून बघणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं. ते कोण करणार, डोंबल! त्यापेक्षा लोक सरळ फोन उचलायचे आणि एजाजभाईंना विचारायचे.

एजाजभाई म्हणजे आमचा हेल्प डेस्क. पूर्वी तिथे चौघं बसायची. एक कॅनडाला गेली, एकाने मार्केट यार्डात वडिलांचा गाळा सांभाळायला घेतला, एकाला काढलं आणि उरले ते एजाजभाई. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत. तरुणपणी पुण्याच्या शेअर बाजारात एका दलालाकडे कामाला होते. तेव्हा सौदे ओरडून व्हायचे, तो आवाज तसाच राहिला. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला लागले की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वर निरोप पाठवायच्या, जरा हळू, पेशंट दचकतोय.

त्यांच्याकडे लोक काय विचारायचे, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समजा एखाद्या कंपनीने एका शेअरचे दहा केले. काल भाव हजार होता, आज शंभर. कुणाचं काही बुडालेलं नसतं. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी कमी होते का? पण नुसते आकडे बघणाऱ्याला वाटतं, कंपनी गेली खड्ड्यात. म्हणून मागचे सगळे भाव नव्या हिशोबात बसवून द्यावे लागतात. नव्या कंपन्यांचं हे काम कॉम्प्युटर करतो. पण जुन्या, लहानसहान, एके काळी फक्त पुण्याच्या बाजारात असलेल्या साखरेच्या, कागदाच्या, लोखंडाच्या कंपन्यांचं काय काय झालं होतं ते एजाजभाईंनाच माहीत. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं.

आणि आमचे मालक रणजितसर. विश्रांतवाडीच्या पुढे त्यांच्या आजोबांचं शेत होतं. वडिलांनी, म्हणजे संभाजीरावांनी, त्यावर इमारती उठवल्या आणि त्यातल्याच एकीच्या दुसऱ्या मजल्यावर पोराला ही कंपनी काढून दिली. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

जूनमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आता डॉक्युमेंट माणसांसाठी नाय लिहायचं. एजंटसाठी लिहायचं."

"कुठले एजंट? आमच्या नारायण पेठेत एलआयसीचे आहेत तीन."

"तुम्ही बी ना मॅडम. एआय एजंट हो. क्लायंटकडं आता माणूस बसत नाय. तो एजंटच आपलं टूल उघडणार, भाव घेणार, हिशोब करणार. त्याला सगळं वाचता येतं. फक्त ते लिहिलेलं पायजे. जे जे आपल्याला ठाऊक हाय, ते सगळं."

"आणि डेस्क?"

"बघू की."

'बघू की' म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मुलीच्या स्थळाला 'बघू, कळवतो' म्हणतात, तसलं ते. मी उठले. बाहेर आले तर एजाजभाई जागेवरून बघत होते. केबिनची काच आरपार आहे, आणि बत्तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला चेहऱ्यावरून भाव कळतो.

जेवायच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. डबा उघडला, पण खाल्लं नाही.

"आनंदीताई, तुम्ही हे पूर्ण लिहिलंत की मी घरी. बरोबर?"

माझं नाव आनंदी आहे. हसू नका. "असं कोण म्हणालं?" मी म्हटलं.

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? आमची पोरगी सुहाना, तिचं फार्मसीचं अजून दुसरंच वर्ष चाललंय. या वयात मला कोण घेणार? हल्ली वॉचमनसुद्धा चाळिशीच्या आतला लागतो. घरी अजून बोललो नाही. अख्तरबानूला बीपी आहे."

मला वाटलं, आता हे म्हणणार, ताई, जरा कमी लिहा, काहीतरी शिल्लक ठेवा. मी ठेवलंही असतं, देवाशपथ. पण ते असलं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुम्ही सगळं नीट लिहा. अर्धवट लिहिलंत तर लोकांचे पैसे बुडतील. फक्त ती शेवटची ओळ तेवढी ठेवा."

शेवटची ओळ म्हणजे आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी असते ती. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर 'शंका असल्यास डेस्कला विचारावे'. ती लिहायची आमच्याकडे पद्धतच आहे. लग्नपत्रिकेच्या खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असतं ना, तितकाच तिला अर्थ. माणसं ती ओळ वाचत नव्हती, तरी फोन करत होती.

मी नुसती ठेवली नाही. मला संताप आला होता, आणि संताप आला की मी फार व्यवस्थित लिहिते. रणजितसरांना म्हटलं, मशीनने चुकीचा भाव धरून सौदा केला आणि क्लायंट आपल्या अंगावर आला तर उत्तर कोण देणार? तुम्ही देणार? ते गडबडले. म्हणाले, मग काय ते सुरक्षित लिहा. मी लिहिलं. प्रत्येक पानावर, अगदी वरती, ठळक: 'थोडीही शंका असेल तर अंदाज करू नये. डेस्कला विचारावे. कारण समजून घ्यावे. उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

एजाजभाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "ताई, आता हा एजंट माझ्याशिवाय हलायचा नाही," म्हणाले, आणि त्या दिवशी आम्ही चौकातल्या अमृततुल्यमध्ये जाऊन चहा प्यायलो. पैसे त्यांनी दिले. मीही स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आणा आता तुमचे एजंट.

आले. श्रावणात सुरू झालं. पहिल्या दिवशी दहा वाजायच्या सुमाराला एजाजभाई ओरडले, "आनंदीताई! अहो, हा विचारतोय!"

मी धावत गेले. स्क्रीनवर प्रश्न. नम्र, मुद्देसूद. अमुक कंपनीचा अमुक महिन्यातला भाव अचानक निम्मा झालेला दिसतो, तुमच्या पानावरच्या सूचनेप्रमाणे अंदाज न करता विचारत आहे. एजाजभाईंनी उत्तर लिहिलं, बोनस शेअर दिले होते, एकाला एक. लगेच दुसरा प्रश्न आला. हे तुम्ही कशावरून ओळखलंत, कृपया कारण सांगावे.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आजपर्यंत मला 'का' असं कुणी विचारलेलं नाही. सगळे म्हणतात, लवकर सांगा, फोन ठेवायचाय."

आणि मग जे सुरू झालं ते झालंच. माणसाने माझी ओळ कधी वाचली नव्हती, या मशीनने तिचा शब्द न् शब्द पाळला. थोडी शंका आली की डेस्क. कारण काय, डेस्क. उत्तर येईपर्यंत शांत बसून राहायचं, चिडायचं नाही, 'मॅनेजरला द्या' म्हणायचं नाही. एजाजभाई स्वारगेटहून आळंदीची बस पकडून यायचे, ते आता एक बस आधीची पकडायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. कुणासाठी, तर स्क्रीनसाठी. आधी मोडकंतोडकं इंग्रजी लिहायचे. मग एकदा वैतागून मराठीत लिहिलं, तर त्यानेही मराठीत उत्तर दिलं. बास! मग काय विचारता. एखाद्या कंपनीची अख्खी कुंडली मांडायचे. मालकाचे दोन मुलगे कसे भांडले, भांडवल कसं वाढवलं, त्या दिवशी बाजारात कोण काय ओरडलं. लोक घाबरून विकतात तेव्हा सौदे कसे वाढतात आणि नुसती वाटणी झाली असेल तर भाव पडतो पण सौदे कसे थंड राहतात, ते बाळबोध करून सांगायचे.

"हुशार आहे हो," मला म्हणायचे. "एकदा सांगितलं की धरतो. असा शागीर्द मिळाला नाही मला कधी."

मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलंय. इतका खूश माणूस मी ऑफिसात कधी बघितला नव्हता, पगारवाढीच्या दिवशीसुद्धा नाही. घरी त्यांनी सांगितलं होतं की कंपनीने नवीन जबाबदारी दिलीय, मशीनला शिकवायची. अख्तरबानूवहिनींनी त्या खुशीत आम्हा सगळ्यांसाठी शीरखुर्मा पाठवला, ईद नसताना. मी दोन वाट्या खाल्ल्या.

दसरा गेला, दिवाळी आली. दिवाळीनंतर एक दिवस माझ्या लक्षात आलं की आमचा मजला शांत आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप बरेच दिवस आला नव्हता.

"प्रश्न कमी झालेत का हो?" मी विचारलं.

"सुट्ट्या असतील," एजाजभाई म्हणाले.

"मशीनला कसली सुट्टी? भाऊबीजेला जातंय का ते कुणाकडे?"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी माझ्या जागेवर जाऊन श्रावणापासूनचे सगळे प्रश्न काढून वाचत बसले. दुपारभर वाचले. एवढ्या प्रश्नांत एकही प्रश्न दुसऱ्यांदा आलेला नव्हता. एकही नाही. अहो, माणसं तर एजाजभाईंना तेच ते विचारत आली होती! सोलापूरचे एक गृहस्थ तर एकाच कंपनीचा बोनस दर वर्षी मार्चमध्ये विचारायचे, आणि दर वर्षी 'अरे हो की' म्हणायचे. लोक विसरायचे म्हणून डेस्क होता. लोक विसरायचे त्यावर एजाजभाईंचं घर चालत होतं. हे विसरत नव्हतं. आणि त्याला 'कारण समजून घ्यावे' असं ठळक अक्षरात कुणी लिहून दिलं होतं? या आनंदीबाईंनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हात तरी स्वतःचा दाखवावा, मी दुसऱ्याचा दाखवला.

मी उठून त्यांच्याकडे गेले. "एजाजभाई, उद्यापासून नुसतं उत्तर द्या. कारण सांगू नका."

"का?"

"तुम्ही सांगताय ते सगळं ते साठवतंय. तुम्ही सांगितलेलं सगळं आता तिकडे आहे. इकडे काय उरलंय?"

त्यांना कळलं नाही असं नाही. चेहरा उतरला. पण म्हणाले, "ताई, कारण न सांगता नुसतं उत्तर म्हणजे काय? ज्योतिष झालं ते. आणि समोरच्याने अदबीने विचारलंय. तोंड फिरवून कसं बसायचं?"

"अहो, समोर कुणी नाहीये!" मी इतक्या जोरात ओरडले की खालून निरोप आला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रणजितसरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला होता, क्रीमरोल मागवले होते. क्रीमरोल बघूनच मी समजले.

"एजाजभाई, तुम्ही जे काम केलंय ना, एक नंबर. क्लायंट खूश हायेत. तुमची सगळी उत्तरं डॉक्युमेंटला जोडून टाकली. आता त्याला फारसं विचारावंच लागत नाय." मग टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे केली. "तर मग, या महिनाअखेरपर्यंत. मला बी बरं वाटत नाय बघा."

चहावर साय धरली तरी एजाजभाईंनी कप उचलला नाही. बोलले ते मीच.

"सर, सगळं झालेलं नाही. पुण्याच्या जुन्या कंपन्या आहेत अजून, ज्यांचं कुठेच काही लिहिलेलं नाही. तिथे अडलं तर कुणाला विचारणार? मला? मला तर माझ्या सोसायटीचा मेंटेनन्स कळत नाही."

रणजितसर विचारात पडले. खरंच पडले. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

"मॅडम, मला हौस हाय का कुणाला काढायची? असं करू. या महिन्यात एक जरी गोष्ट एजाजभाईंवाचून अडली, तर मी त्यांना हलवत नाय. कायम ठेवतो. सुहानाचं शिक्षण होईस्तोवर तरी ठेवतोच ठेवतो. शब्द हाय माझा. अडलं पायजे पण."

बाहेर आल्यावर मी एजाजभाईंचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा. "ऐकलंत? एक गोष्ट. फक्त एक. ती आली की गप्प बसायचं."

"न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच की ताई."

"गप्प बसणं म्हणजे खोटं असतं, तर आमच्या नारायण पेठेत एकही खोटारडा सापडला नसता. तुम्ही फक्त गप्प बसा, बाकी मी बघते."

महिना सरत चालला. प्रश्नच येईनात. एजाजभाई सकाळी येऊन बसायचे आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघायचे. मला तर वाटायला लागलं, मीच कुठल्या तरी खोट्या नावाने एखादा प्रश्न टाकावा. टाकलाही असता, पण काय विचारायचं तेवढं ज्ञान नको का?

आणि शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, आला. भीमाकाठ पेपर मिल. जुन्या पुण्याच्या बाजारातली कंपनी, केव्हाच बंद झालेली. कुणाला तरी जुन्या भावांचा अभ्यास करायचा होता. एका दिवशी भाव निम्म्यावर आलेला. बोनस नाही, तुकडे नाहीत, कंपनीच्या कुठल्या अहवालात अवाक्षर नाही. 'हे नुकसान खरे की नाही हे ठरवता येत नाही. अंदाज करत नाही. डेस्कने सांगावे.'

एजाजभाईंनी मला खुणेने बोलावलं.

"हे मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी होतो तिथे. मिलची पुठ्ठ्याची फॅक्टरी वेगळी काढली, तिची नवीन कंपनी केली, आणि जुन्या भागधारकांना तिचे शेअर फुकट दिले. निम्मा भाव इकडे राहिला, निम्मा तिकडे गेला. कुणाचा एक रुपया बुडाला नाही. पण नोटीस फक्त बाजारातल्या फळ्यावर खडूने लिहिली होती. पुसली गेली. आता हे सांगणारा मीच."

"मग झालं तर! आता हात मांडीवर ठेवा आणि बसा."

ते बसले. अकरा वाजले, बारा वाजले. प्रश्न तिथेच, खाली 'उत्तराची वाट पाहत आहे'. त्या माणसाचे काय हाल झाले ते मी बघत होते. दोनदा बोटं कीबोर्डवर गेली, दोनदा मी डोळे वटारले. पाणी प्यायले, उठले, चष्मा पुसला, परत बसले. डबा खाल्ला नाही. एकदा म्हणाले, "ताई, बिचारा थांबलाय हो," आणि मी म्हटलं, "थांबू दे. तुम्ही थांबलात ना इतकी वर्षं?"

दोनच्या सुमाराला मी स्वतः जाऊन रणजितसरांना सांगितलं. म्हटलं, सर, अडलंय. सकाळपासून अडलंय. एजाजभाई म्हणतात की यासाठी त्यांना जुन्या माणसांना भेटावं लागेल, वेळ लागेल, महिने लागतील. हे सगळं मी बनवून सांगितलं, आणि मला जराही लाज वाटली नाही. रणजितसर खुर्चीतून उठले. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा खुलला हो! त्यांनाही सुटका हवी होती. "चला, बघू द्या," म्हणाले. "खरंच अडलं असंल तर मी आत्ता पप्पांना फोन लावतो, पैसा त्यांचाच हाय. एजाजभाई कुठं जात नायत."

आम्ही दोघं डेस्कपाशी पोचलो. एजाजभाई उठायला लागले, सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. मी मनात म्हटलं, जमलं. बाई, जमलं.

तेवढ्यात स्क्रीनवर ओळी उमटायला लागल्या.

'उत्तर आले नाही म्हणून डेस्कची आधीची उत्तरे पुन्हा वाचली. हा अंदाज नाही, डेस्कने शिकवलेल्या रीतीने काढले आहे. भाव निम्मा झाला, पण त्या आठवड्यात सौदे वाढले नाहीत, म्हणजे लोक घाबरले नव्हते. तेव्हा हे नुकसान नसून वाटणी असावी. नंतरच्या दोन महिन्यांत पुण्याच्या बाजारात आलेल्या नव्या कंपन्या पाहिल्या. त्यात पुठ्ठ्याची एक कंपनी आहे, पत्ता त्याच मिलचा. तिचा पहिला भाव आणि मिलचा उरलेला भाव मिळवला तर जुना भाव येतो. म्हणून नुकसान झालेले नाही. कृपया तपासून बरोबर की चूक ते सांगावे.'

रणजितसरांनी वाकून सगळं वाचलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"हे बरोबर हाय का, एजाजभाई?"

चूक म्हणायचं होतं हो. एक शब्द! ते काय म्हणतील ते तपासणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं. सर मान्य करायला टपून बसले होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसावा. ओठांनी म्हटलं, चूक. चूक म्हणा. हात जोडायचे तेवढे बाकी होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागले, ओळीवर बोट ठेवून, हळूहळू. चूक शोधत होते, हे मला दिसत होतं. मनापासून शोधत होते बिचारे. शेवटच्या ओळीशी आले, तिथे बोट थांबलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मुलीचा निकाल ऐकताना बापाचा होतो तसा चेहरा झाला, आणि दुसऱ्या क्षणी तो पडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी असंच काढायला सांगितलं होतं. हे चूक म्हटलं तर मीच चूक."

आणि त्यांनी ते लिहूनही टाकलं.

रणजितसरांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला आणि खिशात घातला.

"म्हणजे तसं काही अडलं नाय मग?"

"नाही सर," एजाजभाई म्हणाले, खणखणीत आवाजात, खाली ऐकू जाईल एवढ्या. "काही अडलं नाही."